ढगावर कारवाई

कार्यवाही आणि कारवाई यांतला फरक मी नोकरीभर लोकांना शिकवत आले. महसूल खात्यात नवीन लागलेला कारकून पहिल्या महिन्यात ही चूक हमखास करतो. मी त्याच्या मसुद्यावर लाल पेनने गोल काढून तो परत द्यायचे. कार्यवाही म्हणजे कागद पुढे सरकवणं. कारवाई म्हणजे कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं. ‘उचित कार्यवाही करावी’ असं लिहिलं की कुणी काही करायचं नसतं, करतोय एवढं कळवायचं असतं. ‘उचित कारवाई करावी’ लिहिलं की कुणाचं तरी काहीतरी जप्त होतं. दोन अक्षरांचा फरक आहे, आणि त्या दोन अक्षरांवर मी माझा रुबाब चालवला. सगळे मला घाबरून असत, आणि मला ते आवडायचं.

ती चूक माझ्या हातून एकदाच झाली. झाली तीही सख्ख्या भावाच्या बाबतीत. तिच्यापायी माझं माहेर पणाला लागलं, म्हणून ती लिहून ठेवते आहे.

माहेर माझं शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढच्या माळावर. सासर भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. दोन्हीकडे काठाने ऊस दिसतो, त्यामुळे यवतवरून एसटीने जाणाऱ्या माणसाला वाटतं की इथल्या लोकांना पाण्याची काय ददात. काठ सोडून वर चढलं की माळ लागतो, आणि माळाला पावसाशिवाय कुणी वाली नाही. नोकरी मी दोन्ही तालुक्यांत केली. ही गोष्ट कोणत्या कचेरीतली ते सांगत नाही. साहेब बदलून गेले, इमारत तीच आहे, आणि चूक ना साहेबांची ना इमारतीची. ती माझी.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कारकुनाच्या परीक्षेला त्यानेच मला मोटरसायकलवरून पुण्याला नेलं होतं. पेपर संपेपर्यंत तो गेटबाहेर उन्हात उभा होता, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारत होता, “आमची अजून लिहितीय का?” मी बाहेर आले तेव्हा त्या मुली मला बघून हसल्या. मी त्याच्यावर इतकी चिडले की परतीच्या वाटेत एक शब्द बोलले नाही. तो मात्र सगळा रस्ता शीळ घालत होता.

त्याने माळावर डाळिंब लावलं. आंबे बहार धरायचा. म्हणजे थंडी सरताना फूल येतं, आणि एप्रिल-मेमध्ये, नेमक्या वळवाच्या दिवसांत, फळ झाडावर असतं. एका वर्षी गारांनी सगळा बहार फोडला. फोडलेल्या फळात तेल्या रोग शिरतो, आणि एकदा तेल्या शिरला की बाग जगवायची म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं वर्ष काढावं लागतं. दादाने ते वर्ष काढलं. मग कुठल्याशा प्रदर्शनात त्याने ते यंत्र पाहिलं आणि घेऊनच आला.

विकणारा त्याला गारारोधक यंत्र म्हणायचा. गावाने त्याचं नाव तोफ ठेवलं. बांधावर पत्र्याची एक खोली, तिच्यातून वर निघालेला दोन पुरुष उंचीचा लोखंडी भोंगा, तोंड आभाळाकडे. आत गॅसचा स्फोट व्हायचा, आणि त्याचा दणका वर जाऊन ढगातली गार बनायच्या आधीच मोडतो, असं सांगितलेलं. ढग भरून आला की दादा खोलीत जाऊन बसायचा आणि दर काही सेकंदांनी धडाम. खिडक्यांच्या काचा हलायच्या. म्हशी दावं तोडायच्या. वहिनी म्हणायची, “आभाळाशी भांडाया बसल्यात.” पण दोन वर्षं बागेवर गार पडली नाही. तोफेमुळे की नशिबाने, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दादाला तर नाहीच.

त्यातच पाऊस ओढ धरू लागला. माळावरच्या विहिरी तळाला गेल्या, पलीकडच्या वाड्यांना टँकर सुरू झाला. नदीच्या पलीकडे, म्हणजे माझ्या सासरी, लोकांनी आपसात ठरवून टाकलं की पाऊस तोफ पळवते. एके सकाळी माझ्या टेबलासमोर तीसेक माणसं येऊन उभी राहिली. पुढे माझे चुलतसासरे, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. हातात अर्ज, अर्जाखाली चार पानं सह्या आणि अंगठे.

“सूनबाई,” आप्पा म्हणाले, “आमचं म्हणनं येवढंच हाय. ढग पारनेरच्या अंगानं उठतो, नदी वलांडून आमच्याकडं येतो. तुझा भाऊ त्याला मधीच फोडतो. दुसऱ्याचा पाट फोडला तर गुन्हा हुतो ना? मग ढग फोडला तर का न्हाई?”

प्रश्न बिनतोड होता.

“आन् येक,” आप्पा जाता जाता वळले. “भाऊ हाय म्हनून कागद दाबू नगंस. सगळ्यांची नजर हाय.”

हे वाक्य मला झोंबलं. दाबलेला एकही कागद माझ्या नावावर नव्हता. मी अर्ज घेतला, पोच दिली, आणि ठरवलं की याचा कायदा शोधायचा. भावाचं असो की सासऱ्यांचं, नियम काय म्हणतो ते लिहायचं.

रेकॉर्ड रूम एक वयस्क चाचा सांभाळायचे. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या शिरूरला, आणि ते स्वतः कचेरीतल्या सगळ्या साहेबांपेक्षा जुने. मी विचारलं, “चाचा, पावसाचा, ढगांचा काही नियम, परिपत्रक?”

“ढगाचा गठ्ठा येगळा न्हाई ताई,” ते म्हणाले. “किरकोळमधी बघा.”

किरकोळच्या गठ्ठ्यांत आम्ही दोन दुपार घालवल्या. ढगांबाबत सरकारने काय काय केलं, त्याचा इतिहास तिथे सुतळीने बांधून ठेवलेला होता. सगळ्यात जुना अर्ज वीटभट्टीवाल्यांविरुद्ध. विटा भिजू नयेत म्हणून त्यांनी पाऊस बांधला आहे, तरी सरकारने तो सोडवून द्यावा. त्यावर कुणी मोठ्या जबाबदारीने शेरा मारलेला, ‘दप्तरदाखल’. त्यानंतर साखर कारखान्याच्या धुराड्याविरुद्ध, की धुराने ढग पांगतात. त्यावर ‘तांत्रिक अभिप्रायास्तव अग्रेषित’. अभिप्राय आल्याचं कुठे दिसलं नाही. मग डोंगरावरच्या पवनचक्क्यांविरुद्ध, की पाती ढग उडवून लावतात. त्यावर ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’. मग सरकारने स्वतःच विमानं उडवून ढगांत फवारणी करायला घेतली, तेव्हाचे अर्ज. विमान आमच्या डोक्यावरून गेलं आणि पाऊस दुसऱ्या तालुक्यात पाडला, तरी आमचा पाऊस परत मिळावा. त्यावर ‘मार्गदर्शन मागविले आहे’.

चाचा हसत होते. मलाही सुरुवातीला हसू येत होतं. मग वाचता वाचता ते ओसरलं. अर्ज लिहिणारी माणसं खरी होती, त्यांच्या विहिरी खऱ्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकानेही सरळ उत्तर दिलं नव्हतं. विमान उडवायला परवानगी लागते. गॅस ठेवायला कागद लागतो. आवाजाला मर्यादा आहे. ढग कुणाचा, त्याला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, यावर मला एक ओळ सापडली नाही. सरकारने ढगाला हात लावला की तो प्रयोग, शेतकऱ्याने लावला की उपद्रव, एवढंच त्या गठ्ठ्यांवरून समजत होतं. ढगाला गट नंबर नाही, सातबारा नाही, शिवार नाही. त्यामुळे आमच्या खात्यात तो बसत नव्हता.

म्हणजे मला करण्यासारखं एकच होतं. आधीच्या सगळ्यांनी केलं तेच. ‘सदर यंत्राबाबत नियमानुसार उचित कार्यवाही करून अहवाल सादर करावा’ असं लिहायचं आणि कागद मंडळ अधिकाऱ्याकडे ढकलायचा. त्याने तो तलाठ्याकडे ढकलला असता. तोवर पाऊस सुरू झाला असता, आणि अर्ज आपोआप दप्तरदाखल झाला असता. आम्ही माणसांना असंच निभावून नेतो.

सोमवारी मी पत्र टाइप केलं. टाइप करताना आप्पांचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं. भावाला सांभाळून घेतलं असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून मी वाक्य जरा कडक करत गेले. ‘तात्काळ’ घातला. ‘अनुपालन अहवाल’ घातला. आणि त्या कडकपणाच्या भरात बोटांनी ‘कारवाई’ टाइप केलं. मुद्दाम नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. साहेबांनी सही केली. ते म्हणायचे, “तुमचं पत्र वाचायची गरज नसते.” हे त्यांनी अनेकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

बुधवारी मंडळ अधिकारी पोलीस आणि दोन पंच घेऊन दादाच्या माळावर गेले. पत्रात तात्काळ कारवाई म्हटलेली, आणि कोणत्या नियमाने ते पत्रात नव्हतं. त्यांनी आपल्या परीने नियम शोधला. गॅसच्या टाक्यांचे कागद मागितले, एक कागद कमी निघाला, आणि तोफेच्या खोलीला पुढील आदेशापर्यंत सील ठोकलं. कापड, सुतळी, लाख, सह्या. सगळं नियमाने.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

“अगं, तुझ्या हाफिसचं लोक येऊन तोफंला सील ठोकून गेलं. काय भानगड हाय?”

“बघते मी.”

“बघते न्हाई, काढ. रोज दुपारी आभाळ भरून येतंय.”

“दादा, सील तोडू नकोस हं. गुन्हा होतो.”

“तोडतोय कशाला? तू बसलीयास की तिथं.” आणि त्याने फोन ठेवला. निर्धास्त होता तो.

गुरुवारी सकाळी मी पत्राची कचेरीत राहिलेली स्थळप्रत काढली आणि तो शब्द पाहिला. चूक सुधारायची रीत आमच्याकडे अगदी सोपी आहे, तिला शुद्धिपत्रक म्हणतात. ‘उचित कारवाई’ ऐवजी ‘उचित कार्यवाही’ असे वाचावे. एवढं लिहून साहेबांची सही घ्यायची, की सील त्याच दिवशी निघतं. पाच मिनिटांत मी ते टाइप केलं. साहेब आत बसलेले होते.

मी उठणार तोच आप्पा आले. बरोबर पाच-सहा माणसं आणि पेढ्यांचा बॉक्स. त्यांनी तो सगळ्या कचेरीत फिरवला. “आमच्या सुनंनं न्याय केला,” ते मोठ्याने म्हणाले. “सख्ख्या भावाचं बी बघितलं न्हाई.” शिपाई, टंकलेखक, आतले साहेब, सगळ्यांनी ऐकलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासरच्या माणसाने चारचौघांत माझं नाव घेऊन चांगलं बोलायची ती पहिली वेळ. मी पेढा घेतला. खाल्ला. त्या पेढ्यानंतर साहेबांकडे जाऊन ‘ती चूक होती’ म्हणणं मला जमलं नाही. जमलं नाही हाही मोघम शब्द झाला. मला ते करायचं नव्हतं.

शुद्धिपत्रक मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. आज लगेच काढलं तर लोक म्हणतील दोन दिवसांत भावाला सोडवलं, सोमवारी काढू, असं मनाशी म्हटलं. शुक्रवारीही साहेब होते. शुक्रवारीही मी ड्रॉवर उघडला नाही.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला गारा पडल्या. मी सासरी होते, अंगणात. पलीकडे माहेराच्या बाजूचं आभाळ आधी पिवळं आणि मग काळंनिळं झालं. आमच्याकडे नुसता वारा सुटला, धूळ उडाली, चार थेंब पडले आणि थांबले. तोफ बंद होती, तरी पाऊस नदी ओलांडून आला नाही. आप्पा ओट्यावरून बघत होते. ते म्हणाले, “सगळा तिकडंच रिता झाला.” तोफेचा यात संबंध नव्हता असं त्यांना वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तोफेची खोली होती, दार बंद, कडीला लाख.

फोन दादाचा आला नाही, वहिनीचा आला. “वन्सं, समदं गेलं,” एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी आधी कचेरीत गेले. माणूस आधी भावाकडे जाईल. मी शुद्धिपत्रक सहीला ठेवलं, सही घेतली, जावक क्रमांक टाकला, आणि मग माळावर गेले. बागेत झाडांखाली कोवळी फळं पडली होती, फुटलेली, आतले पांढरे दाणे दिसत होते. पाना-फांद्यांचा चिखल झाला होता. आणि मधोमध तोफ उभी होती, पावसाने धुऊन लख्ख, सील जसंच्या तसं. दादाने ते खरंच तोडलं नव्हतं. ढग येताना दिसत असताना, हात पुरेल इतक्या अंतरावर यंत्र असताना तो ओसरीत बसून राहिला होता, कारण बहिणीने सांगितलं होतं.

“दादा, टायपिंगची चूक झाली,” मी म्हणाले. “एका शब्दाची.”

“कवा कळली?”

“आज सकाळी.”

त्याने मान हलवली, आणि मी माझं खोटं तिथेच सोडून आले.

दोन दिवसांनी नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी गेले. छापील नमुन्यात कारणाच्या पुढे त्यांनी लिहिलं, ‘नैसर्गिक आपत्ती, गारपीट’. दादा सही करेना. “‘नैसर्गिक’ खोडा,” म्हणाला. “निसर्गानं माझ्या दाराला सील न्हाई ठोकलं.” तलाठी बिचारे समजावत राहिले की दुसरा रकानाच नाही. त्याने सही केली नाही ती नाहीच. पंचनाम्यावर ‘खातेदाराने सही करण्यास नकार दिला’ असा शेरा पडला, आणि तो कागद शेवटी माझ्याच टेबलावर आला.

तेल्या शिरला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दादाने बाग उपटली. तिथे आता बाजरी असते, कधी मूग, पाऊस झाला तर. तोफ भंगारात गेली.

त्यानंतरची वर्षं दादा माझ्यावर धुमसत होता. भाऊबीजेला यायचा नाही. लग्नाकार्यात भेटला की चारचौघांत म्हणायचा, “सरका रं, सरकार आलं.” मी राखी पोस्टाने पाठवायचे आणि फोन करायचे. तो फोन उचलायचा आणि शिव्या घालायचा. “कशाला फोन केलास? अजून कशाला सील ठोकायचं ऱ्हायलंय का?” मी ऐकून घ्यायचे. ऐकताना मला रडू यायचं, आणि फोन ठेवल्यावर, आता हे कुणाला सांगू, बरंही वाटायचं. शिव्या घालायला का होईना, तो फोन उचलत होता.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. या उन्हाळ्यात तालुक्याला शेतकऱ्यांची एक सभा होती, हवामानावर. रिकामी होते, जाऊन बसले. बोलणारे तज्ज्ञ तरुण होते, पण समजावून सांगत होते. शेवटी कुणीतरी गारांच्या तोफेबद्दल विचारलं. ते म्हणाले की या यंत्राने गार थांबते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. ढग इतका मोठा आणि इतका उंच असतो की खालचा आवाज त्याचं काही वाकडं करत नाही. ना गार अडते, ना पाऊस पळतो.

मी खुर्चीत ताठ झाले. सभा संपल्यावर त्यांना गाठलं आणि म्हटलं, “हे मला लेखी द्या.” ते हसले, पण वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. मी तो कागद पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते. म्हणजे माझ्या चुकीने काही झालंच नव्हतं! शब्द बरोबर असता तरी बाग गेलीच असती. इतकी वर्षं जे ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच.

त्याच आठवड्यात मी माहेरी गेले. दादा ओसरीत बसला होता, आता पाठीत वाकलेला. मला बघून म्हणाला, “आलं का सरकार,” आणि पाय आखडून घेऊन मला बसायला जागा केली. मी कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“म्हंजी तोफ चालू असती, तरी गार पडलीच असती.”

“पडलीच असती दादा.”

“म्हंजी त्या विकणाऱ्यानं मला टोपी घातली.”

“तुला एकट्याला नाही.”

तो हसायला लागला. खरंच हसला, पोट धरून. “आन् मी बसायचो त्या खोलीत, कानात बोळं घालून!” आतून वहिनीने डोकावून पाहिलं. इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर असा हसला नव्हता, आणि मला वाटलं, संपलं. सगळं मिटलं. आता काहीही सांगायला हरकत नाही. मनावर एक शेवटचा कागद होता, तोही मोकळा करून टाकावा.

म्हणून मी सांगितलं. की चूक मला सोमवारी नाही, गुरुवारीच कळली होती. शुद्धिपत्रक गुरुवारीच टाइप झालं होतं. साहेब होते. आप्पा पेढे घेऊन आले, आणि मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. “पण आता काय त्याचं,” मी म्हटलं. “काढलं असतं तरी फरक पडला नसता. हे बघ, लिहूनच दिलंय त्यांनी.”

दादा हसायचा थांबला. कागद त्याच्या हातात होता. त्याने खालची सही पुन्हा पाहिली.

“ह्यो कागद तुला कवा मिळाला?”

“मंगळवारी.”

“ह्या मंगळवारी?”

“हो.”

“मग त्या गुरवारी, ड्रावरमधी ठिवलंस तवा, तुला म्हाईत व्हतं का तोफंचा उपेग न्हाई म्हणून?”

मी आयुष्यभर त्रुटी काढल्या, खुलासे मागवले, उत्तरं तपासली. या प्रश्नाला मोघम उत्तर नव्हतं.

“नाही,” मी म्हणाले.

“तवा तुला काय वाटत व्हतं?”

“तेव्हा मला वाटत होतं की तोफ चालते.”

त्याने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली. चष्मा काढून खिशात घातला. रागावला असता तर मला कळलं असतं. त्याचा राग मला पाठ होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता.

“बसा तुम्ही,” तो म्हणाला. मग आत बघून, “अगं, पाव्हण्यांना च्या ठिव. लांबनं आल्यात त्या.”

आमच्याकडे पाव्हणे म्हणजे सोयरे, नदीच्या पलीकडचे. माहेरवाशिणीला कुणी पाव्हणी म्हणत नाही. ती आल्या आल्या चप्पल काढून सरळ चुलीपाशी जाते आणि सगळ्यांना चहा करते. मी उठायला लागले, तर त्याने हाताने खूण केली, बसा म्हणून. वहिनी दारात थांबून एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली. थोड्या वेळाने तिने चहा आणला. ट्रेमध्ये, कपबशीत, शेजारी झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास.